सुरीने की सुरीसह? क्रोएशियन व्याकरण मराठीतून शिकवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशातील नोकऱ्यांविषयी जो मजकूर येतो, त्यात व्हिसा, पगार आणि राहण्याची सोय यांची माहिती नेटकी असते. भाषेचा विषय मात्र ‘स्थानिक भाषेचे जुजबी ज्ञान असल्यास उत्तम’ एवढ्यावर आटोपला जातो. हे जुजबी ज्ञान आपल्या मुलामुलींना कशा रीतीने दिले जाते, याचा अनुभव भाचीमुळे मला जवळून आला, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याबद्दल आधीच क्षमा मागतो. तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलेल्या माणसाला व्याकरणावर थोडक्यात लिहिणे जमत नाही.

भाची हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन गेल्या वर्षी क्रोएशियात, रियेका शहराजवळच्या ओपातिया या समुद्रकाठच्या गावी, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. त्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख ७२ हजार भरली, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या कोल्हापूर जिल्ह्याइतकीच. देश एवढासा, पण १ जुलै २०१३ रोजी तो युरोपीय संघात गेला तेव्हा क्रोएशियन ही संघाची चोविसावी अधिकृत भाषा झाली. जाण्यापूर्वी भाचीने आपल्याच शहरातील एका शिकवणी वर्गात तीन महिने ही भाषा शिकून घेतली. फी बरीच होती आणि शिकवणारे कष्टाळू होते, पण सारे शिकवणे इंग्रजीतून चाले. जाड पुस्तिकेत डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्य आणि उजव्या रकान्यात त्याचे क्रोएशियन रूप. माझी तक्रार वर्गाविषयी नाही, त्या डाव्या रकान्याविषयी आहे.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात ती कांदा कापत असताना मुख्य आचाऱ्याने ‘काय चाललंय?’ असे विचारले, आणि तिने पुस्तिकेतल्या धाटणीने उत्तर दिले, ‘रेझेम लुक स नोझेम.’ ‘रेझेम’ म्हणजे कापते, ‘लुक’ म्हणजे कांदा आणि ‘नोझ’ म्हणजे सुरी. आचारी वयस्क आणि भाषेच्या बाबतीत काटेकोर. तो हसत हसत म्हणाला की कांदा जरूर काप, पण सुरी कशाला कापतेस? साधन सांगायचे असेल तर क्रोएशियनमध्ये ‘नोझेम’ एवढे विभक्तीचे रूप पुरते. त्याच्याआधी ‘स’ लावला की ‘सुरीसह’ असा सोबतीचा अर्थ होतो, जसे ‘स ब्रातोम’ म्हणजे भावाबरोबर. इंग्रजी सुरीलाही ‘विथ’ लावते आणि भावालाही, म्हणून डाव्या रकान्यातून शिकणारा येथे हमखास घसरतो. (बोलण्याच्या ओघात हा जादा ‘स’ खुद्द तिथल्या पुष्कळ लोकांच्या तोंडी येतो आणि त्यांचे भाषाशिक्षक त्यांना टोकतात, हेही सांगितले पाहिजे.) मराठी मुलाला ‘सुरीने’ आणि ‘सुरीसह’ यांतला फरक शिकवावा लागत नाही, ‘ने’ ही आपली तृतीया, तीच तिथली ‘नोझेम’मधली ‘एम’ आणि ‘ब्रातोम’मधली ‘ओम’. ‘बसने जाते’ याला ‘इदेम आउतोबुसोम’ म्हणायचे, हे त्यानंतर तिला न सांगता जमले.

दुसरा प्रसंग थंडीचा. वाऱ्याच्या दिवशी कुडकुडत आत आल्यावर ती ‘ह्लाद्ना साम’ म्हणाली. इंग्रजीत थंडी वाजणाऱ्याने ‘मी थंड आहे’ असेच म्हणायचे असते. क्रोएशियनमध्ये त्याचा अर्थ अंगाने गार किंवा मनाने कोरडी असा होतो. बरोबर वाक्य आहे ‘ह्लाद्नो मि ये’, म्हणजे ‘मला थंडी वाजते’ याच्याच बांधणीचे, कारण त्यातला ‘मि’ हा आपला ‘मी’ नव्हे, तो ‘मला’ आहे. संस्कृतातला चतुर्थीचा आणि षष्ठीचा ‘मे’ तो हाच. दूरध्वनीवर मी तिला एवढेच सांगितले की, अगं, इंग्रजी बाजूला ठेव आणि ‘मला’ने सुरू होणारी आपली रोजची वाक्ये आठव. झोप येते, ती मला येते : ‘स्पावा मि से’, यातला धातू संस्कृत ‘स्वप्’चा सख्खा नातेवाईक आहे. सुरी पाहिजे, ती मला पाहिजे : ‘त्रेबा मि नोझ’. आवडते तेही मला, आणि आवडणारी वस्तू कर्ता. म्हणून आपण जसे ‘आंबा आवडतो’, ‘आंबे आवडतात’ असे क्रियापद बदलतो, तसेच तिथेही एकाला ‘स्विजा मि से’ आणि अनेकांना ‘स्विजायु मि से’ असे म्हणतात. सगळीकडे मात्र हे चालत नाही. आपल्याला भूक लागते. क्रोएशियन बाई ‘ग्लाद्ना साम’, म्हणजे ‘मी भुकेली आहे’ असे म्हणते आणि तिथे ‘मि’ आणला तर वाक्य मोडते.

आता विभक्तींकडे येतो, कारण सात विभक्तींचे नाव काढताच इंग्रजी पुस्तिका विद्यार्थ्याला घाबरवून सोडते. आम्ही शाळेत ‘देव’ शब्द चालवायला लावत असू. भाचीला मी कोल्हापूर चालवायला सांगितले. प्रथमेत कोल्हापुर. ‘या साम इझ कोल्हापुरा’ म्हणजे मी कोल्हापूरची. ‘वोलिम कोल्हापुर’ म्हणजे मला कोल्हापूर प्रिय आहे. ‘उ कोल्हापुरू’ म्हणजे कोल्हापुरात. चतुर्थीतही तेच रूप. ‘पोनोसिम से कोल्हापुरोम’ म्हणजे मला कोल्हापूरचा अभिमान आहे, आणि येथे कशाचा अभिमान ते तृतीयेत येते. संबोधनात मात्र ‘कोल्हापुरे!’ असे होते. शहराला हाक मारली की आडनाव तयार होते, याची आम्हा दोघांनाही मोठी गंमत वाटली.

या चालवण्यात मराठी विद्यार्थ्याच्या लगेच लक्षात येणारी गोष्ट म्हणजे ‘इझ कोल्हापुरा’. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या अंगात जो बदल होतो त्याला आपण सामान्यरूप म्हणतो : कोल्हापूर, पण कोल्हापुरा-हून, कोल्हापुरा-त. शब्द परका प्रत्यय घेताना आपले शेवटचे अक्षर बदलतो, ही कल्पना ज्याच्या अंगवळणी आहे, त्याला रियेका गावाचे ‘उ रियेत्सि’ झाले म्हणून धक्का बसत नाही. रस्त्याचे आपण ‘रस्त्यात’ करतोच. क्रोएशियनमध्ये पंचमी वेगळी नाही, तिचे काम ‘इझ’ वगैरे शब्दांच्या मागे बसून षष्ठी करते. पण ‘कोल्हापुरा’मधला तो शेवटचा ‘आ’ मुळात पंचमीचाच असून संस्कृतच्या ‘देवात्’मधील ‘आत्’ आणि तो एकाच उगमाचे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पंचमी गेली नाही, षष्ठीच्या घरी राहायला गेली. तिथल्या शाळांतही विभक्ती प्रश्नांवरूनच पाठ करून घेतात : ‘त्को? श्तो?’, ‘कोगा? चेगा?’, ‘कोमु? चेमु?’. कोण, कोणाला, कोणी असे प्रश्न फळ्यावर लिहून आम्ही जे करत आलो, त्याहून हे वेगळे नाही.

द्वितीयेतही एक सुखद आश्चर्य आहे. ‘मी पूल पाहते’, पण ‘मी भावाला पाहते’. निर्जीव कर्माला आपण प्रत्यय लावत नाही, सजीवाला लावतो. क्रोएशियन पुल्लिंगी एकवचनात नेमके हेच होते : ‘विदिम मोस्त’ म्हणजे पूल पाहते, यात मोस्त तसाच राहतो, ‘विदिम ब्राता’ म्हणजे भावाला पाहते, यात ब्रातचे रूप बदलते. इंग्रजी पुस्तिकेने या नियमासाठी पाऊण पान खर्च केले आहे आणि तरीही तो कळत नाही, कारण इंग्रजीत पूल काय आणि भाऊ काय, कर्म झाल्यावर दोघेही सारखेच. स्त्रीलिंगी आकारान्त शब्दाला हा भेद नाही, तिथे बहीण असो वा कॉफी, शेवटी ‘उ’ येणारच : ‘सेस्त्रु’, ‘कावु’.

लिंगे तिथे तीन आहेत आणि आपल्याकडेही तीन. ‘दोबार चोव्येक, दोब्रा झेना, दोब्रो दियेते’ म्हणजे चांगला माणूस, चांगली बाई, चांगले मूल. मूल तिथेही नपुंसकलिंगी आहे. हिंदीतून शिकणाऱ्याला हे तिसरे लिंग नव्याने समजून घ्यावे लागेल, आपल्याला नाही. शिवाय तिथे शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुधा ओळखता येते. भात तो, आमटी ती आणि वरण ते का, याचे उत्तर मला तीस वर्षांत विद्यार्थ्यांना देता आले नाही. क्रोएशियन शिक्षकावर असा प्रसंग क्वचितच येत असेल.

भूतकाळात तर दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की प्रथमदर्शनी विश्वास बसू नये. बाई आली, ‘दोश्ला’. मूल आले, ‘दोश्लो’. पुष्कळ पुरुष आले, ‘दोश्लि’. पुष्कळ बाया आल्या, ‘दोश्ले’. तो ‘ल’ आपल्या ‘आली-आले’मधल्या ‘ल’सारखा दिसला तरी आपला प्राकृतातून आला आहे आणि त्यांचा वेगळ्या वाटेने, तेव्हा त्यावरून नाते सांगत सुटू नये, पण लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो हे खरे. येथे खास कोल्हापुरी अडचण आली. आपल्याकडे मुली घरात ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात, आणि आमची भाचीही त्याला अपवाद नाही. त्या सवयीने ती कामावर पोहोचल्यावर ‘दोशाओ साम’ असे पुरुषाचे रूप बोलून मोकळी झाली. ‘पुण्याच्या मुलीसारखं बोल, म्हणजे बरोबर येईल,’ असे मी तिला सांगितले तेव्हा ती थोडी रुसली, पण ‘दोश्ला साम’ पक्के झाले.

याच काळात मराठीने तिला एकदा दगाही दिला. आपला कर्मणी प्रयोग क्रोएशियनला ठाऊक नाही. ‘मी पाव खाल्ला’ असे बाईही म्हणते, कारण क्रियापद पावाच्या लिंगाने जाते. तिथे ते खाणाऱ्याच्याच लिंगाने जाते. ‘क्रुह’ म्हणजे पाव पुल्लिंगी आहे हे तिने इमानाने पाठ केले होते, म्हणून ती ‘पोयेओ साम क्रुह’ म्हणाली. बाईने म्हणायचे ‘पोयेला साम क्रुह’. मराठीतून शिकवणाऱ्याने हा खड्डा आधीच दाखवून ठेवला पाहिजे. इंग्रजी पुस्तिकेला तो दिसणे शक्यच नाही, कारण इंग्रजांना तो नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला धडा भांड्यांचा आहे. आचारी विचारतो, ‘येसि लि ओप्राला सुजे?’ म्हणजे भांडी धुतलीस का? उत्तर ‘प्राला साम’ असे दिले तर त्याला वाटते, ही धूत होती, मध्येच सोडून आली. ‘ओप्राला साम’ म्हटले की भांडी धुऊन झाली. क्रोएशियन क्रियापदे अशी जोडीने येतात, एक चालू किंवा नेहमीच्या कामासाठी आणि दुसरे पुरे झालेल्या कामासाठी. बहुतेक वेळा फरक असतो तो पुढे जोडलेल्या लहानशा उपसर्गाचा. इंग्रजी पुस्तिका याला ‘आस्पेक्ट’ असे भारदस्त नाव देऊन दोन पानांचा तक्ता मांडते. आपण मात्र दिवसभर हेच करत असतो : वाचले आणि वाचून काढले, प्यायले आणि पिऊन टाकले, लिहिले आणि लिहून काढले. कोणत्या धातूला ‘टाकणे’ शोभते आणि कोणत्याला ‘काढणे’, याचा नियम आपल्याला सांगता येत नाही, तरी चूक झाली की कानाला खटकते. तिथेही पिसाति-नापिसाति, चिताति-प्रोचिताति, पिति-पोपिति अशा जोड्या कानानेच शिकाव्या लागतात. मी भाचीला तक्ता बंद करायला सांगितले आणि प्रत्येक जोडीपुढे मराठी जोडी लिहायला लावली.

जिथे मराठी अपुरी पडते तिथे शाळेतले संस्कृत उभे राहते, हे त्या गुणांपुरते संस्कृत घेणाऱ्या मुलांना कळावे म्हणून लिहितो. ‘स्वयंपाकघरात जाते’ आणि ‘स्वयंपाकघरात आहे’, दोन्हीकडे आपला एकच ‘त’. क्रोएशियनमध्ये ‘इदेम उ कुहिन्यु’, पण ‘उ कुहिन्यि साम’. जाण्याला द्वितीया, असण्याला सप्तमी. ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामे वसति’ ज्याने पाठ केले आहे, त्याला आणखी काय सांगायचे? ‘मे, ते, नः, वः’ वाक्याच्या आरंभी येत नाहीत, हाही आपला जुना नियम. क्रोएशियनचे ‘मि, साम, से, गा’ हे इवले शब्द तसेच वाक्याच्या तोंडाशी बसत नाहीत, ते पहिल्या शब्दाची पाठ धरतात. ‘विद्येला साम गा’ म्हणजे मी त्याला पाहिले. पण आरंभी ‘युचेर’ म्हणजे काल आला की ‘युचेर साम गा विद्येला’. तसेच संख्येचे. एक सुरी ‘येदान नोझ’, पाच सुऱ्या ‘पेत नोझेवा’, पण दोन, तीन आणि चार सुऱ्या ‘नोझा’. ही मधली तऱ्हा जुन्या द्विवचनाचा अवशेष आहे. वैदिक भाषेत द्विवचन ‘आ’कारान्त होई, ते ध्यानात घेतले की ‘द्वा नोझा’ परके वाटत नाही. एकवीस सुऱ्यांना पुन्हा एकवचन लागते, ते मात्र निमूट पाठ करावे. आणि माणसे मोजताना आपले दोघे, दोघी आणि दोघं तिथे जसेच्या तसे भेटतात : दोन पुरुष ‘द्वोयित्सा’, दोन बायका ‘द्विये’, आणि स्त्री-पुरुष मिळून ‘द्वोये’.

उच्चारांबाबत एवढेच सांगतो की चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे आहेत हे ज्याला उपजत कळते, त्याला क्रोएशियनमधली ही दोन वेगळी अक्षरे अवघड नाहीत. तिसरा आणखी मऊ ‘च’ तेवढा कमवावा लागतो. तिथली लिपी रोमन, अक्षरे तीस, आणि लेखन उच्चाराप्रमाणे. ही व्यवस्था १८३० मध्ये ज्याने सुचवली त्या ल्युदेवितचे आडनाव देवनागरीत ‘गाय’ असेच लिहावे लागते, त्याला माझा इलाज नाही. झाग्रेबकडच्या बोलीत ‘काय’ला ‘काय’च म्हणतात, प्रमाण भाषेत ‘श्तो’ आणि रियेकाकडच्या जुन्या बोलीत ‘चा’. भाची मला दूरध्वनीवर ‘मामा, मामा’ करते तेव्हा तिच्या खोलीतल्या मैत्रिणींना पहिले दोन महिने वाटत होते की ती आईशी बोलते, कारण तिथे ‘मामा’ म्हणजे आई. दुसऱ्या बाजूने आलेला भरड पुरुषी आवाज ऐकून त्यांनी अखेर विचारले म्हणे.

हे सारे लिहिण्यामागे इतिहासातला एक आधारही आहे. इवान फिलिप वेझ्दिन हा क्रोएशियन वंशाचा धर्मप्रसारक १७७६ ते १७८९ केरळात राहिला आणि परतल्यावर १७९० मध्ये त्याने रोममध्ये संस्कृतचे व्याकरण छापले. युरोपात छापले गेलेले ते पहिले संस्कृत व्याकरण. ते त्याने लॅटिनमध्ये लिहिले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना विभक्ती म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही, कारण त्यांच्या लॅटिनमध्ये त्या होत्याच. आपण नेमके उलट करतो : विभक्ती जाणणाऱ्या मुलांना विभक्तींची भाषा, विभक्ती विसरलेल्या भाषेतून शिकवतो.

शहरातील वर्गचालकांना माझी विनंती आहे की त्यांनी पुस्तिकेतला डावा रकाना मराठीत करावा. खर्च फक्त छपाईचा आहे. आपल्या पुरवणीतही दर आठवड्याला रोजच्या व्यवहारातील दहा वाक्ये देता येतील, एकदा स्वयंपाकघरातली, एकदा बसमधली, एकदा औषधाच्या दुकानातली. सोबत मराठी वाक्य आणि जिथे मराठी दगा देते तिथे एका ओळीची सूचना. भाचीच्या आणि माझ्या वहीत अशी १४० वाक्ये झाली आहेत, आणि ती तिथल्या त्या काटेकोर आचाऱ्याने तपासली आहेत. वहीची प्रत आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे. फक्त ‘रेझेम लुक स नोझेम’ हे वाक्य तिच्यात खोडलेले दिसेल. ते तसेच छापावे, खोडलेले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर